‘द अस्टॉनिशिंग’: 130 मिनिटं, 8 पात्रं आणि एकच गळा
ड्रीम थिएटरच्या 2016 मधल्या दुहेरी अल्बमचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्रोग्रेसिव्ह मेटल, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं हेवी मेटल, ऐकणाऱ्यांपुढे ‘द अस्टॉनिशिंग’चं नाव काढलं की बैठक दोन गटांत विभागली जाते. एका गटाला ते बँडचं सर्वांत धाडसी काम वाटतं. दुसरा गट पहिला अंकही पुरता ऐकू शकलेला नसतो. मधला गट फारसा सापडत नाही. असं का झालं याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘अल्बम फार लांब आहे’. हे उत्तर अपुरं आहे. लांबी नडली, पण तिच्याआधी नडला तो कामाचा क्रम आणि पात्रवाटप.

ड्रीम थिएटर हा बँड 1985 मध्ये बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जमला. गिटारवर जॉन पेट्रूची, बेसवर जॉन मायुंग आणि ड्रमवर माइक पोर्टनॉय. 1992 च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’पासून जेम्स लाब्री गायला लागले आणि 1999 पासून कीबोर्डवर जॉर्डन रुडेस आले. त्याच वर्षीचा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा 77 मिनिटांचा, सलग कथा सांगणारा अल्बम आजही या प्रकारच्या संगीताचा मानदंड समजला जातो. 2002 मध्ये त्यांनी दोन सीडींचा अल्बम काढला. त्यातली दुसरी सीडी म्हणजे 42 मिनिटांची एकच रचना होती. 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ते वाद्यवृंद घेऊन वाजवून आले. थोडक्यात, लांबी, कथा आणि वाद्यवृंद या तिन्ही गोष्टी त्यांच्या श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. म्हणून ‘लोकांना नवं पचलं नाही’ हे स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही.

2010 च्या सप्टेंबरमध्ये पोर्टनॉय बाहेर पडले. त्यांच्या जागी माइक मँजिनी आले. 2011 आणि 2013 चे दोन अल्बम या नव्या जुळणीतून झाले आणि दोन्हींची निर्मिती पेट्रूचींनी एकट्याने सांभाळली. 2013 चा अल्बम बँडच्याच नावाने निघाला आणि अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या ‘बिलबोर्ड 200’ यादीत 7 व्या क्रमांकावर पोहोचला. त्याचा शेवट ‘इल्युमिनेशन थिअरी’ या 22 मिनिटांच्या गाण्याने होतो. बँड सावरला आहे, रोडरनरसारखी मोठी रेकॉर्ड कंपनी पाठीशी आहे, श्रोते टिकून आहेत. मोठा डाव टाकायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.

अडचण काय होती

29 जानेवारी 2016 ला अल्बम आला. दोन अंक, 34 तुकडे, 130 मिनिटं. गोष्ट 2285 सालातली. ‘ग्रेट नॉर्दर्न एम्पायर ऑफ द अमेरिकाज’ नावाच्या साम्राज्यात माणसांनी गाणं वाजवणं थांबलेलं आहे आणि आवाज फक्त ‘नोमॅक्स’ नावाची उडती यंत्रं काढतात. रेव्हनस्किल गावातल्या गॅब्रिएलच्या गळ्यात मात्र अजून गाणं आहे. त्याचा भाऊ ॲरहिस बंडखोरांचा म्होरक्या. सम्राट नफॅरियस गॅब्रिएलला पाहायला गावात येतो, सोबत आलेली राजकन्या फेथ गॅब्रिएलच्या प्रेमात पडते, आणि सम्राट गावाला तीन दिवसांची मुदत देतो: गॅब्रिएल हवाली करा, नाहीतर गाव बेचिराख होईल. (यंत्रांनी गाणी बनवण्याची चर्चा हल्ली घरोघर चालते. त्यामुळे 2016 मध्ये बालिश वाटलेली ही कल्पना आता जास्त टोचते.)

श्रोत्यांचे आक्षेप मुख्यतः चार होते. संथ गाणी फार, आणि तीही एकापाठोपाठ एक. ड्रम आणि बेस जवळजवळ साथीला बसवलेले. कथा ओळखीची, परीकथेच्या वळणाची. आणि बँडची ओळख असलेली लांबलचक, वळणावळणाची वाद्यरचना कुठेच नाही. शेवटचा आक्षेप आकड्यांत तपासता येतो. 34 तुकड्यांतला सर्वांत मोठा ‘अ न्यू बिगिनिंग’, तो 7 मिनिटं 41 सेकंदांचा. आठ मिनिटांच्या पुढे एकही जात नाही. 20-24 मिनिटांच्या रचनांसाठी नाव असलेल्या बँडने आपला सर्वांत मोठा अल्बम छोट्या गाण्यांचा केला. हाच खरा अपारंपरिक भाग आहे, आणि लांबीच्या तक्रारीत तो झाकला जातो.

समर्थकांची बाजू लंगडी नाही. त्यांच्या मते हे मेटल अल्बमच्या मापाने मोजायचं कामच नाही. हे संगीतनाटक आहे, यात सुरावट पात्राची असते आणि ती पुढे दुसऱ्या प्रसंगात बदललेल्या रूपात परत येते. ‘डिस्टोपियन ओव्हर्चर’ पाच मिनिटांत पुढच्या दोन तासांतले बरेच धागे हाताशी देतं, हे तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कळायला लागतं. पेट्रूचींच्या गिटारमध्ये इथे जितकं गाणं आहे तितकं त्यांच्या वेगवान सोलोंच्या अल्बमांत नाही. हे सगळं खरं आहे. आक्षेपही खरे आहेत. दोन्ही बाजू एकाच निर्णयांच्या साखळीतून निघालेल्या आहेत.

समोर कोणते पर्याय होते

सगळे पर्याय एका बैठकीत मांडून मग निवड झाली, असं नसतंच. पण कामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर हे रस्ते उघडे होते.

पहिला, नेहमीचा अल्बम. आठ-नऊ गाणी, शेवटी एक महारचना. धोका शून्य, पण सलग तिसऱ्यांदा तोच साचा.

दुसरा, एका सीडीत मावणारी कथा. ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’चा अनुभव गाठीशी होताच. तिथे कथेत पात्रं कमी होती, आणि मुख्य म्हणजे संमोहन उपचार करणाऱ्याचा बोलका आवाज होता. तो निर्माते टेरी ब्राऊन यांनी दिला होता. तो आवाज सुरुवातीलाच श्रोत्याला हाताला धरून कथेत नेतो. शिवाय थेरेसा थॉमसन यांचा स्त्रीस्वरही होता.

तिसरा, दुहेरी अल्बम आणि अनेक गायक. हा रस्ता डच संगीतकार आर्येन लुकासेन यांनी ‘आयरिऑन’ या प्रकल्पात वर्षानुवर्षं वापरला आहे: प्रत्येक पात्राला वेगळा गायक. 2004 च्या ‘द ह्युमन इक्वेशन’मध्ये मुख्य पात्र स्वतः लाब्रींनीच गायलं होतं, आणि ‘द अस्टॉनिशिंग’ येण्याआधी जेमतेम चार महिने, सप्टेंबर 2015 मध्ये, रॉटरडॅमला त्याच कृतीच्या रंगमंचीय प्रयोगात ते त्याच भूमिकेत उभे राहिले होते. म्हणजे हा पर्याय दूरचा नव्हता, गायकाच्या घरचाच होता.

चौथा, दुहेरी अल्बम आणि सगळी पात्रं एकाच गायकाची. बँडने हा घेतला.

प्रत्यक्षात काय केलं

क्रम पाहण्यासारखा आहे. आधी पेट्रूचींनी कथा लिहिली: पात्रं, गावं, नकाशा, घटनाक्रम. मग ती कथा समोर ठेवून पेट्रूची आणि रुडेस या दोघांनी संगीत रचलं, बरंचसं पियानो आणि गिटार घेऊन बसून. पूर्वीच्या अल्बमांत तालमीच्या खोलीत सगळ्यांनी मिळून रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) घासूनपुसून रचना उभी राहायची. इथे बेस आणि ड्रम आले तेव्हा गाण्याची लांबी, चाल आणि भाव आधीच ठरलेले होते.

वाद्यवृंद आणि समूहगानाची मांडणी डेव्हिड कॅम्पबेल यांच्याकडे गेली. ध्वनिमुद्रण लाँग आयलंडवरच्या कोव्ह सिटी साउंड स्टुडिओत आणि मिश्रण (मिक्सिंग) रिचर्ड चिकी यांच्याकडे. लाब्रींनी आठही पात्रं गायली: गॅब्रिएल, ॲरहिस, त्याचा लहान मुलगा झँडर, दिवंगत पत्नी इव्हँजेलिन, नफॅरियस, सम्राज्ञी ॲराबेल, राजपुत्र डॅरियस आणि फेथ. पाच छोटे तुकडे नोमॅक्सच्या यांत्रिक गोंगाटाचे आहेत आणि दोन वाद्यरचना आहेत. हे सात वगळले तर उरलेल्या 27 गाण्यांत लाब्री आहेत. बेरीज केली तर सुमारे 118 मिनिटं.

प्रसिद्धीबद्दल थोडक्यात. 2015 च्या अखेरीस चाहत्यांना ईमेल गेले, रेव्हनस्किलचे बंडखोर व्हायचं की साम्राज्याच्या बाजूने उभं राहायचं ते निवडा. संकेतस्थळावर पात्रांची चित्रं आणि नकाशा झळकला. संगीत ऐकू येण्याआधी कथाविश्व विकलं गेलं, त्यामुळे ज्यांना काल्पनिक साम्राज्यांत रस नव्हता ते दारातूनच परतले. डिसेंबरमध्ये ‘द गिफ्ट ऑफ म्युझिक’ हे पहिलं गाणं आलं. चटपटीत, चार मिनिटांचं, गिटारने धावणारं. अल्बमचा एकूण स्वभाव मात्र तसा नाही, त्यामुळे अपेक्षा चुकीच्या दिशेने गेली.

निर्णयाची पहिली जागा: कथेची घडी

अल्बम हातात घेऊन घड्याळ लावून बसलं तर दोष नेमका दाखवता येतो.

पहिला अंक 20 तुकड्यांचा, 79 मिनिटं 50 सेकंदांचा. दुसरा 14 तुकड्यांचा, साडेपन्नास मिनिटांचा. सीडीची मर्यादा साधारण 80 मिनिटांची, म्हणजे पहिली सीडी काठोकाठ भरली आणि दुसरीत तीस मिनिटं मोकळी राहिली. मध्यंतर त्यामुळे फार उशिरा येतं.

नफॅरियसची तीन दिवसांची धमकी ‘थ्री डेज’मध्ये येते आणि ते गाणं सदतिसाव्या मिनिटाला संपतं. इथपर्यंत गोष्ट वेळेत आहे. जग कळलं, नायक कळला, प्रेम झालं, मुदत पडली. यानंतर परत फिरवता न येणारी पहिली घटना म्हणजे ॲरहिसचा मृत्यू. ती ‘द पाथ दॅट डिव्हाइड्स’मध्ये, शंभराव्या मिनिटाच्या आसपास घडते. मधे एक तास लोटतो. त्या तासात निरोप, आठवणी, प्रवास, भेटी, विनवण्या आणि लाच देण्याचा एक प्रसंग आहे. बहुतेक गाण्यांत पात्रं आपल्याला काय वाटतं ते सांगतात. काही करत नाहीत. मुदत तीन दिवसांची आहे हे श्रोता विसरतो, कारण घड्याळ टिकटिकल्याचा ताण संगीतात कुठे ऐकू येत नाही.

आणि मग सगळं एकदम कोसळतं. ॲरहिस मरतो, ‘द वॉकिंग शॅडो’मध्ये डॅरियसच्या हातून चुकून फेथवर वार होतो, ‘माय लास्ट फेअरवेल’मध्ये गॅब्रिएलच्या किंकाळीबरोबर त्याचा आवाज जातो. या तीन गाण्यांचा आणि मधल्या गोंगाटाचा एकूण वेळ तेरा मिनिटांपेक्षा कमी. त्यातलं फेथवरचं संकट ‘द वॉकिंग शॅडो’ या तीन मिनिटांच्याही आत संपणाऱ्या गाण्यात उरकलं आहे. ‘अ न्यू बिगिनिंग’मध्ये राजकन्या बापाचं मन वळवते त्याला पावणेआठ मिनिटं मिळतात आणि तिच्यावर तलवार पडते त्याला तीन मिनिटंही नाहीत. ज्या बँडला द्वंद्वयुद्ध वाद्यांनी वाजवून दाखवता आलं असतं त्याने ते पाचएक मिनिटांत, तलवारींच्या खणखणाटाचा आधार घेऊन भागवलं. ज्या एका जागी महारचना शोभली असती, लोकांना हवी होती आणि कथेलाही लागत होती, तिथेच ती नाही.

संथ गाण्यांची तक्रारही इथेच सुटते. मेटल ऐकणाऱ्याला संथ गाणं चालत नाही असं नाही, पण त्याच्या दोन्ही बाजूंना वजन लागतं. पहिल्या अंकात ‘व्हेन युअर टाइम हॅज कम’ आणि ‘ॲक्ट ऑफ फेथ’ ही दोन हळवी गाणी लागोपाठ आहेत, मिळून 9 मिनिटं 19 सेकंद, आणि ती संपल्यावर थोड्याच वेळात ‘ब्रदर, कॅन यू हिअर मी?’चं भरदार पण संथच समूहगान येतं. प्रत्येक गाणं सुटं ऐकलं तर चांगलं आहे. रांगेत ती एकमेकांना खातात.

निर्णयाची दुसरी जागा: एक गळा, आठ माणसं

लाब्रींची मेहनत नाकारता येणार नाही. नफॅरियससाठी ते खाली, खरखरीत आणि थोड्या नाटकी सुरात उतरतात. ‘लॉर्ड नफॅरियस’ हे गाणं टँगोच्या अंगाने झुलतं आणि तिथे खलनायक डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘थ्री डेज’च्या शेवटी संगीत एकदम जुन्या स्विंगकडे वळतं, तोही क्रूरपणातला विनोद म्हणून पटतो. अडचण इतर सात जणांची आहे. गॅब्रिएल आणि ॲरहिस हे दोघे भाऊ, दोघेही एकाच मधल्या-वरच्या पट्टीत, दोघेही कळकळीने गाणारे. फेथ आणि ॲराबेल या स्त्रिया, पण आवाज तोच, फक्त हलका केलेला. ‘द रोड टू रेव्होल्यूशन’मध्ये पहिला अंक संपताना पात्रं एकामागून एक आपली भूमिका मांडतात, आणि पुस्तिका हातात नसेल तर बाजू कधी बदलली ते कळत नाही.

पुस्तिकेत प्रत्येक ओळीआधी पात्राचं नाव छापलेलं आहे. सीडी विकत घेणाऱ्याला कथा नीट लागली. पण 2016 मध्ये अनेक जण फोनवरून थेट ऐकायला लागले होते. त्यांच्यापुढे 34 नावांची यादी होती आणि एकच गळा होता.

मराठी श्रोत्याला हा पेच लगेच समजावा. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला एकटा कीर्तनकार राजा, राणी, ऋषी, दासी सगळे उभे करतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. कारण पदांच्या मधे तो गद्यात बोलत असतो: ‘इकडे राजा काय म्हणाला?’ निवेदन आहे म्हणून एक गळा पुरतो. संगीत नाटकात निवेदन नसतं, पण तिथे प्रत्येक भूमिकेला स्वतंत्र गायक नट असतो. ‘द अस्टॉनिशिंग’ने संगीत नाटकाची रचना घेतली आणि कीर्तनाचं पात्रवाटप घेतलं, आणि कीर्तनातलं निवेदन मात्र गळालं. बँडच्याच 1999 च्या अल्बमात संमोहन करणाऱ्याचा आवाज जे काम करत होता ते इथे कुणीच करत नाही.

एकच गायक ठेवण्यामागे सबळ कारणं होती. हा बँडचा अल्बम राहायला हवा होता, पाहुण्यांचा मेळावा व्हायला नको होता. शिवाय हे सगळं रंगमंचावर न्यायचं होतं. सात पाहुणे गायक घेऊन जगभर दौरा करणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण मधला मार्ग होता. ध्वनिमुद्रणात फेथसाठी एक स्त्रीस्वर आणि दौऱ्यावर तीही गाणी लाब्रींनी गायची. ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’तल्या ‘थ्रू हर आइज’ या गाण्यातला थॉमसन यांचा आवाज हेच करून गेला होता. फक्त एका वेगळ्या गळ्याने प्रेमगीतांचं निम्मं संकट टळलं असतं, कारण ‘कोण कुणाला म्हणतंय’ हे कानाने कळलं असतं.

निर्णयाची तिसरी जागा: ताल विभाग

मँजिनी आणि मायुंग कमी पडले असं कुठेही वाटत नाही. त्यांना दिलेलं काम कमी होतं. दोघांनी रचलेलं, शब्दांना बांधलेलं आणि वर वाद्यवृंद चढवलेलं गाणं आधीच भरलेलं असतं. अशा गाण्यात ड्रमवाल्याने विषम मात्रांचा खेळ मांडला तर शब्द बुडतात, म्हणून तो ठेका धरून बसतो. बेस तर व्हायोलिन-चेलोच्या खालच्या थरात आणि पियानोच्या डाव्या हातात विरघळतो. मिश्रण करणाऱ्यालाही तेवढ्याच जागेत गायक, समूह, तारवाद्यं, दोन कीबोर्ड आणि गिटार बसवायची असते. काहीतरी मागे जाणारच. ‘मोमेंट ऑफ बिट्रेयल’ ऐकावं म्हणजे फरक कळतो. तिथे रिफ आधी उभा आहे, बाकीचं त्याला धरून आहे, आणि बँड लगेच ओळखीचा वाटतो.

निर्णयाची चौथी जागा: दौरा

फेब्रुवारी 2016 मध्ये लंडनच्या पॅलेडियम नाट्यगृहापासून दौरा सुरू झाला. पूर्ण अल्बम, दोन अंक, मधे मध्यंतर, मागे पडद्यावर दृश्यं. जुनं एकही गाणं नाही. वाद्यवृंद सोबत नव्हता. कलाकृतीशी हे प्रामाणिक होतं आणि बसून पाहायच्या नाट्यगृहात ते शोभलंही. पण अल्बम येऊन तीनच आठवडे झाले होते. ज्याला अजून पात्रांची नावं पाठ नाहीत त्याने तिकीट काढून अडीच तास नवीनच ऐकायचं, हा सौदा अनेकांना महाग वाटला. नाटकासाठी प्रेक्षक कोरा चालतो. रॉकच्या मैफलीला तो गाणी ओठांवर घेऊन येतो.

परिणाम

अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड 200’ यादीत अल्बम 11 व्या क्रमांकावर आला. आधीच्या सातव्यापेक्षा खाली, पण पडझड म्हणावी असं काही नाही. समीक्षकांचा सूर एकूण बरा होता. दुफळी श्रोत्यांत पडली, आणि ती किती खोल आहे हे बँडच्या पुढच्या पावलांवरून वाचता येतं.

2017 मध्ये त्यांनी ‘इमेजेस अँड वर्ड्स’च्या पंचविशीचा दौरा काढला. उत्तरार्धात तो अल्बम सलग, शेवटी 23 मिनिटांचं ‘अ चेंज ऑफ सीझन्स’. ‘द अस्टॉनिशिंग’मधून पूर्वार्धात ‘द गिफ्ट ऑफ म्युझिक’ आणि ‘अवर न्यू वर्ल्ड’ एवढंच उरलं. वर्षभरापूर्वी 34 पैकी 34 आणि आता दोन. याच दौऱ्यात, ऑक्टोबर 2017 मध्ये, ते मुंबईत आले. इथल्या श्रोत्यांनी पंचवीस वर्षं जी गाणी कॅसेट-सीडीवर ऐकली होती तीच त्यांना मिळाली. त्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचं कारण नव्हतं.

मग 2018 च्या उन्हाळ्यात पाचही जण न्यूयॉर्क राज्यातल्या मॉन्टिसेलो इथे, स्टुडिओ केलेल्या एका जुन्या धान्यकोठारात एकत्र राहिले आणि सगळ्यांनी मिळून ‘डिस्टन्स ओव्हर टाइम’ रचला. 57 मिनिटं, वाद्यवृंद नाही, कथा नाही. मँजिनींनी बँडसाठी पहिल्यांदा शब्दही लिहिले. फेब्रुवारी 2019 मध्ये तो नव्या कंपनीकडून आला. मागच्या वेळी जे जे केलं होतं त्याच्या नेमकं उलटं इथे दिसतं, आणि सर्वांत मोठा बदल लांबीचा नसून कामाच्या पद्धतीचा आहे. 2019 च्या दौऱ्यात सलग वाजलेला जुना अल्बम होता ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’. ‘द अस्टॉनिशिंग’मधलं त्यात काही नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

कथा आधी लिहिणं चूक नव्हतं. पण कथेचा आराखडा तयार झाल्यावर, चाली बांधण्याआधी, पाचही जण खोलीत हवे होते. निदान तीन प्रसंगांसाठी: मुदतीची घोषणा, द्वंद्वयुद्ध आणि यंत्रं बंद पडण्याचा शेवट. हे तिन्ही शब्दांवाचून वाजवता येणारे प्रसंग आहेत. त्यांतला शेवटचा तर ‘पॉवर डाउन’ या 1 मिनिट 25 सेकंदांच्या गोंगाटात संपवला आहे. जुलमी यंत्रं मरताना माणसांचा बँड त्यांच्यावर चढून वाजतो, ही जागा वाया गेली.

नोमॅक्सचे पाच तुकडे मिळून पाच मिनिटंही भरत नाहीत, त्यामुळे ‘ते काढा’ या लोकप्रिय सूचनेने वेळेत काही फरक पडत नाही. ते सुटे मोजले जातात म्हणून खुपतात. शेजारच्या गाण्यांच्या सुरुवातीला जोडले असते तर कुणी नावही काढलं नसतं.

कापायचं तर गाणीच कापावी लागतात. ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’च्या 77 मिनिटांचं माप धरून एका सीडीची निवड करायची झाली तर एक जुळणी अशी निघते: ‘डिस्टोपियन ओव्हर्चर’, ‘द गिफ्ट ऑफ म्युझिक’, ‘अ बेटर लाइफ’, ‘लॉर्ड नफॅरियस’, ‘अ सेव्हियर इन द स्क्वेअर’, ‘थ्री डेज’, ‘अ लाइफ लेफ्ट बिहाइंड’, ‘रेव्हनस्किल’, ‘अ टेम्प्टिंग ऑफर’, ‘अ न्यू बिगिनिंग’, ‘मोमेंट ऑफ बिट्रेयल’, ‘द पाथ दॅट डिव्हाइड्स’, ‘द वॉकिंग शॅडो’, ‘माय लास्ट फेअरवेल’, ‘हिम ऑफ अ थाउजंड व्हॉइसेस’ आणि ‘अस्टॉनिशिंग’. 16 तुकडे, 76 मिनिटं 15 सेकंद. मुदतीचं गाणं आता विसाव्या मिनिटानंतर लगेच सुरू होतं आणि पंचविसाव्याच्या आत संपतं. पहिला मृत्यू साठाव्या मिनिटाच्या आसपास येतो. मधला ताण टिकतो.

या जुळणीत एक भोक आहे. भावाला दगा द्यायला ॲरहिस का तयार होतो, याचं उत्तर ‘द एक्स ॲस्पेक्ट’मध्ये आहे: झँडरच्या भवितव्यासाठी. ते गाणं नसेल तर तो नुसता फितूर वाटतो आणि पुढे त्याच्या मरणाचं काही वाटत नाही. म्हणून ते परत घ्यावं लागतं, 4 मिनिटं 13 सेकंद. त्याच्या बदल्यात काय काढायचं? ‘द गिफ्ट ऑफ म्युझिक’. गांजलेल्या जगाचं जे वर्णन त्यात आहे ते ‘अ बेटर लाइफ’मध्ये पुन्हा येतंच, तेही ॲरहिसच्या तोंडून. वेळ होतो 76 मिनिटं 28 सेकंद. अल्बमच्या जाहिरातीसाठी निवडलेलं पहिलंच गाणं कथेला सर्वांत कमी लागतं, आणि ते ठेवायचं असेल तर गाभ्यातलं काहीतरी सोडावं लागतं.